मोठ्या टेक कंपनीची मुलाखत: ४५ मिनिटं नेमकी कुठे जातात?

वर्धारोडवासी
नागपूरच्या मिहानमधल्या सर्व्हिस कंपन्यांत (क्लायंटसाठी सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या) तीन-चार वर्षं काढलेले आणि व्हीएनआयटी, रामदेवबाबा, वायसीसीई या इथल्या इंजिनीअरिंग कॉलेजांतून नुकतेच बाहेर पडलेले बरेच जण सध्या गूगल, अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्टच्या तयारीला लागलेत. जो तो एकच विचारतो, "सरावाचे किती कोडिंग प्रश्न सोडवले?" माझं मत असं की प्रश्न ओळखीचा असतानाही फेरी हातची जाते, कारण वेळेचा हिशोब बसलेला नसतो.

कोडिंगची फेरी साधारण ४५ मिनिटांची. ओळखपाळखीत ४-५ मिनिटं आणि शेवटी तुमच्या प्रश्नांसाठी ५ मिनिटं गेली की हातात ३५ उरतात. त्यात प्रश्न समजून घेणं ५, पद्धत सांगून होकार घेणं ८, कोड १५ आणि तपासणी ७. बहुतेक जण समजून घेण्याची ५ मिनिटं वाचवायला जातात आणि पुढे १५ गमावतात.

तुमच्या मते वेळ कुठे जातो? तपशिलात लिहा. "अमक्याचं झालं, तमक्याचं राहिलं" असले किस्से मात्र नकोत.

तर्रीपोहे
वाचून राहिलो. सविस्तर येऊ द्या राजेहो.

जुना_कंपायलर
वेळ जातो तो चुकीच्या पद्धतीवर कोड सुरू केल्यामुळे. आणि ती चूक टाळण्याची माहिती बहुतेकदा प्रश्नातच असते, इनपुटच्या मर्यादेत.

सी++ मध्ये सेकंदाला ढोबळमानाने १० कोटी साध्या क्रिया धरा. एन, म्हणजे इनपुटमधल्या घटकांची संख्या, एक लाख असेल तर एन वर्ग म्हणजे १,००० कोटी क्रिया, १०० सेकंद. बाद. एन लॉग एन म्हणजे लाख गुणिले १७, जेमतेम १७ लाख. म्हणजे सॉर्टिंग, हीप किंवा बायनरी सर्चच्या दिशेने विचार करायचा. एन ५,००० असेल तर एन वर्ग अडीच कोटी, आरामात बसतं, म्हणजे दोन मिती असलेलं डायनॅमिक प्रोग्रॅमिंग (डीपी, लहान उपप्रश्नांची उत्तरं साठवून मोठं उत्तर काढणं) चालेल. आणि एन २० दिसला की समजायचं की सगळे उपसंच तपासणं अपेक्षित आहे, कारण २ चा २० वा घात साडेदहा लाखांच्या आसपास येतो.

प्रत्यक्ष मुलाखतीत ही मर्यादा बहुधा लिहून दिलेली नसते, ती विचारावी लागते. "एन किती मोठा? मूल्यं ऋण असू शकतात? यादी क्रमाने लावलेली आहे? रिकामी आली तर काय परत करायचं?" या चार प्रश्नांना दीड मिनिट लागतं, त्याहून जास्त नाही.

उदाहरण घ्या. मीटिंगच्या वेळा दिल्यात, किमान किती खोल्या लागतील? इथला कळीचा प्रश्न: १० वाजता संपणारी आणि १० वाजता सुरू होणारी मीटिंग एकाच खोलीत बसते का? बसत असेल तर सुरुवातीला अधिक एक, शेवटाला वजा एक अशा घटना करून सॉर्ट करायच्या आणि वेळ सारखी असेल तिथे वजा एक आधी घ्यायचा. वेळ व बदल अशी जोडी करून चढत्या क्रमाने लावली तर हे आपोआप होतं, वजा एक हा अधिक एकपेक्षा लहानच. न विचारता कोड लिहिला आणि क्रम उलटा पडला, तर एक खोली जास्त येते आणि चूक कुठे आहे ते शोधण्यात दहा मिनिटं जातात.

सेमिकोलन
वर्धारोडवासी, अर्धंच पटलं. संख्या महत्त्वाची आहेच. ४० प्रश्न सोडवून कुणी हिशोब कितीही नीट बसवला तरी मोनोटॉनिक स्टॅक (घटक कायम चढत्या किंवा उतरत्या क्रमात ठेवणारा स्टॅक) आयुष्यात पाहिलेला नसेल तर आठ मिनिटांत सुचत नाही.

फक्त ती संख्या पसरलेली हवी. टू पॉइंटर, स्लायडिंग विंडो, प्रीफिक्स सम, उत्तरावर बायनरी सर्च, हीप, बीएफएस-डीएफएस (ग्राफ फिरण्याच्या दोन पद्धती), टोपोलॉजिकल सॉर्ट, युनियन-फाइंड, ट्राय, बॅकट्रॅकिंग, डीपी, ग्रीडी, इंटरव्हल. प्रत्येकाचे दहा-बारा केले की दीडशे होतात आणि तेवढे पुरतात. पाचशे करणाऱ्यांचे बरेचदा तीनशे अ‍ॅरे आणि स्ट्रिंगचेच निघतात.

घड्याळ लावून २५ मिनिटं. नाही सुचलं तर फक्त संकेत बघायचा, उत्तर नाही. उत्तर बघावंच लागलं तर तीन दिवसांनी तोच प्रश्न कोऱ्या पानावर पुन्हा. वाचून "कळलं" वाटणं आणि कोऱ्या पानावर लिहिता येणं, यात फार अंतर आहे. आणि प्रश्न सोडवताना वर विषयाचं नाव दिसत असेल तर ते झाकून ठेवा. "हा ग्राफचा आहे" हे आधीच कळलं तर ओळखण्याचा सराव होतच नाही.

शून्य_निर्देशांक
जुना_कंपायलर सरांनी पद्धतीचं सांगितलं, मी तपासणीच्या ७ मिनिटांबद्दल लिहिते. काही कंपन्यांत, गूगलमध्ये तर बरेचदा, कोड चालवून बघायची सोय नसते. कोड डोळ्यांनीच चालवून बघावा लागतो. त्या वेळी नेमकं काय शोधायचं हे भाषेप्रमाणे बदलतं.

जावा: दोन इंटीजर ऑब्जेक्ट दुहेरी बरोबरच्या चिन्हाने ताडू नका. उणे १२८ ते १२७ पर्यंतचे आकडे कॅशमधून (आधीच तयार ठेवलेल्या साठ्यातून) येतात म्हणून तुलना बरोबर निघते, त्यापुढे तीच तुलना खोटी ठरते. नमुना इनपुटमध्ये ५ आणि ७ असतात, सगळं हिरवं दिसतं. मुलाखतकाराने २०० टाकले की पडलं. इक्वल्स वापरा. कंपॅरेटरमध्ये (क्रम ठरवणाऱ्या फंक्शनमध्ये) ए वजा बी लिहिण्याची सवयही सोडा, एक मोठा धन आणि दुसरा मोठा ऋण आला की ओव्हरफ्लो होऊन (आकडा मर्यादेबाहेर जाऊन) क्रम उलटतो. लूपमध्ये स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडत गेलात तर काम एन वर्गावर जातं, तिथे स्ट्रिंगबिल्डर.

पायथन: यादीतून पॉप शून्य केलं, म्हणजे पहिला घटक काढला, की मागचे सगळे घटक सरकतात, बीएफएस कासवाच्या गतीने चालतं. डेक (दोन्ही टोकांनी काढता येणारी रांग) घ्या. रिकर्शनची (फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याची) मर्यादा डीफॉल्ट १,००० असते, लाख नोडची सरळ साखळी आली की डीएफएस कोसळतं. दोन मितींची यादी कंस गुणिले एन अशी बनवली तर सगळ्या ओळी एकच वस्तू असतात, एका ओळीत बदल केला की सगळीकडे दिसतो.

सी++: प्रायॉरिटी क्यू मुळात सर्वांत मोठा वर ठेवते, जावा आणि पायथनची सर्वांत लहान. भाषा बदलून सराव करणारे इथे हमखास गोंधळतात.

आणि सगळ्यांसाठी: बायनरी सर्चमध्ये मध्य काढताना लो अधिक हाय भागिले दोन लिहिलं की बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेल्यावर ऋण होते. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत हा दोष वर्षानुवर्षं होता, २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी त्याबद्दल लिहिलं. लो अधिक, हाय वजा लो भागिले दोन. पायथनला ही अडचण नाही, पण मुलाखतकाराने विचारलं तर कारण सांगता यायला हवं.

रिकर्शन
इंटीजर कॅशचं हे वाक्य छापून भिंतीवर लावावं. धन्यवाद ताई.

धरमपेठी
एक मूलभूत आक्षेप. या सगळ्याचा रोजच्या कामाशी संबंध किती? मॅक्स हॉवेल यांनी होमब्रू लिहिलं, मॅकवर सॉफ्टवेअर बसवण्याचं साधन. गूगलमधलेच असंख्य अभियंते ते वापरत होते, तरी २०१५ मध्ये बायनरी ट्री उलटं करण्याच्या प्रश्नावरून नकार मिळाल्याचं त्यांनी जाहीर लिहिलं. "विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील" छापाची कोडी निरुपयोगी असल्याचं गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनीच २०१३ मध्ये कबूल केलं होतं. उद्या अल्गोरिदमबद्दलही हेच म्हणतील. चांगला प्रोग्रॅमर ओळखायचा असेल तर त्याला एक बिघडलेला मोठा कोडबेस द्या आणि दुरुस्त करायला सांगा.

जुना_कंपायलर
धरमपेठी, आक्षेप रास्त आहे, आणि काही कंपन्या डीबगिंगची किंवा कोड रिव्ह्यूची फेरी घेतात ते त्यामुळेच. पण उमेदवाराने एक गोष्ट ध्यानात घ्यावी, उत्तर आलं की नाही एवढंच मुलाखतकार लिहीत नाही. साधारण चार गोष्टींवर शेरा असतो: प्रश्नाची फोड कशी केली, कोड किती स्वच्छ, स्वतःची चूक स्वतः पकडली का, आणि बोलणं समजत होतं का. गूगलमध्ये भरतीचा निर्णय मुलाखतकार एकटा घेत नाही, लेखी शेरे समितीपुढे जातात. समितीने तुम्हाला पाहिलेलं नसतं, तिच्यापुढे फक्त कागद असतो. दहा मिनिटं गप्प राहून बरोबर कोड लिहिला तर त्या कागदावर काय उतरणार?

म्हणून विचार बोलून दाखवायचे. प्रत्येक ओळ वाचून दाखवण्यात अर्थ नाही, निर्णय सांगा. "हॅशमॅप घेतला तर एन जागा लागेल, सॉर्ट केलं तर जागा वाचेल पण वेळ वाढेल, मी हॅशमॅप घेतोय." विचार करायला शांतता हवी असेल तर "एक मिनिट द्या" म्हणून मागून घ्या. मागितलेल्या शांततेचं कुणाला वावडं नसतं.

धरमपेठी
समितीपुढे फक्त कागद असतो, हा मुद्दा मान्य. मूळ आक्षेप कायम.

मिहानचा_भाऊ
एवढे शब्द झाले, कुणी कूलरबद्दल बोलून नाही राहिलं! एप्रिल-मे मध्ये मुलाखत असेल तर नागपुरात पहिला शत्रू तोच.

डेझर्ट कूलरचा आवाज एकसारखा असतो. मीटिंगचं सॉफ्टवेअर तो दाबायला जातं आणि सोबत तुमच्या शब्दांची सुरुवातही खातं. समोरच्याला तुटक ऐकू जातं आणि तो दर वाक्याला "पुन्हा सांगा" म्हणतो. मुलाखतीच्या तासभर आधी खोली थंड करून घ्या, मग कूलर बंद करून पंखा एकवर. तारेचा हेडसेट वापरा, माइक तोंडाजवळ राहतो. लॅपटॉपचा माइक पंख्याखाली निव्वळ वारा पकडतो.

वीज गेली तर इन्व्हर्टर लागतो, पण त्या क्षणभरात कित्येक राउटर रीस्टार्ट होतात आणि पुन्हा जोडणी व्हायला दोन-तीन मिनिटं जातात. राउटरसाठी वेगळा छोटा यूपीएस मिळतो, सीताबर्डीत सहज. घेण्याआधी राउटरच्या अ‍ॅडाप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघा, बहुतेक १२ व्होल्टचे असतात पण सगळे नाही. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, हे पुष्कळ जण विसरतात. मोबाइलचा हॉटस्पॉट घरच्या इंटरनेटहून वेगळ्या कंपनीचा ठेवा आणि मीटिंगची लिंक मोबाइलवरही उघडून ठेवा, आवाज बंद करून. रिक्रूटरचा नंबर कागदावर लिहा.

तर्रीपोहे
भाऊ, मे मध्ये एक वाजताचा स्लॉट घेऊच नये. रिक्रूटर बहुधा स्लॉट निवडू देतात, सकाळी दहाचा मागा. पोहे खाऊन बसा, तर्री मुलाखतीनंतर.

विदर्भकन्या
वागणुकीच्या फेरीबद्दल, म्हणजे आधीच्या कामातले प्रसंग विचारतात त्याबद्दल, कुणीच लिहिलं नाही. अ‍ॅमेझॉनमध्ये तर ती वेगळी फेरी नसतेच, प्रत्येक फेरीत पाच-पंधरा मिनिटं तीच असते. त्यांची नेतृत्वतत्त्वं (कामात कसं वागावं याची कंपनीची सूत्रं) १६ आहेत, शेवटची दोन २०२१ मध्ये आली. शिवाय एक 'बार रेझर' असतो. तो त्या टीमचा नसतो आणि त्याचा नकार टीमच्या मॅनेजरलाही सहसा डावलता येत नाही.

१६ तत्त्वांसाठी १६ प्रसंग पाठ करू नका. आठ-दहा प्रसंग निवडा आणि एका तक्त्यात कुठला प्रसंग कुठल्या तत्त्वांना लागू पडतो ते मांडा. एक मतभेदाचा, एक अपुऱ्या माहितीत घेतलेल्या निर्णयाचा, एक फसलेल्या कामाचा, एक मुदत चुकण्याचा, हे तर हवेतच. प्रत्येक प्रसंग दोन-अडीच मिनिटांत: परिस्थिती दोन वाक्यांत, मग तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही काय केलंत, शेवटी निकाल. बोलण्याचा सगळ्यात मोठा भाग "तुम्ही काय केलंत" याला मिळाला पाहिजे.

सर्व्हिस कंपनीत काम करणाऱ्यांची अडचण अशी की प्रोजेक्ट क्लायंटचा, काम टीमचं आणि आकडे कुणाकडेच नाहीत. आकडे आत्तापासून टिपून ठेवा. रात्रीचा बॅच जॉब आधी किती वेळ चालायचा, नंतर किती. त्या मॉड्यूलची महिन्याची तिकिटं आधी किती, नंतर किती. क्लायंटचं नाव घेऊ नका, "युरोपातली एक विमा कंपनी" एवढं पुरे. गोपनीयतेचा करार मोडणारा उमेदवार कुणालाच नको असतो.

आणि खोटा प्रसंग रचू नका. तिसऱ्या उपप्रश्नाला तो उघडा पडतो. "दुसरा पर्याय कोणता होता? तो का नाकारला? आज पुन्हा केलंत तर काय बदलाल?" काम खरंच केलेल्याला ही उत्तरं आठवावी लागत नाहीत.

अंबाझरीकर
तीन वर्षांवर अनुभव असेल तर सिस्टम डिझाईनची (मोठ्या सॉफ्टवेअरची रचना आकृतीतून मांडण्याची) फेरी येतेच. तिथे वेळ कुठे जातो सांगतो: आकृतीतल्या गरज नसलेल्या खोक्यांत. प्रश्न ऐकल्याबरोबर काफ्का (कामं किंवा संदेश रांगेत ठेवणारी यंत्रणा), शार्डिंग (डेटा अनेक डेटाबेसांत विभागणं), दहा मायक्रोसर्व्हिस (सुट्या लहान सेवा).

समजा प्रश्न आला, एसटीचं आरक्षण डिझाईन करा. आधी आकडे. दिवसाला ५० लाख शोध धरू. दिवसात ८६,४०० सेकंद, म्हणजे सेकंदाला सरासरी ५८. दिवाळीत दसपट धरा, ६०० च्या आत. त्यातही बहुतेक नुसते शोध, प्रत्यक्ष बुकिंग त्याच्या काही टक्के. एवढा भार एक चांगला डेटाबेस, दोन वाचन-प्रती आणि पुढे कॅश यांच्यावर निघतो. "इथे शार्डिंगची गरज नाही, भार अमुक इतका झाला तर तारखेनुसार विभागेन" हे म्हणणं म्हणजे कमीपणा नाही, उलट त्यालाच गुण मिळतात.

खरी अडचण एकच सीट दोघांना जाण्याची. "सीट रिकामी आहे का बघ, मग बुक कर" अशा दोन पायऱ्या केल्या की मधल्या फटीत दुसरा घुसतो. एकच अपडेट करा: स्थिती रिकामी असेल तरच होल्ड कर. बदललेल्या ओळी शून्य आल्या तर सीट गेली. होल्डची मुदत, समजा १० मिनिटं, त्याच ओळीत वेळ म्हणून लिहा आणि वाचतानाच मुदत तपासा. होल्ड सोडवणारा वेगळा जॉब बंद पडला तरी सीट अडकत नाही.

यानंतर मुलाखतकार हमखास विचारतो: पैसे कापले गेले पण होल्ड संपल्यावर उत्तर आलं, मग? सीट अजून रिकामी असेल तर द्या, नसेल तर परतावा सुरू करा आणि दोन्हीची नोंद ठेवा. प्रवाशाने बटण दोनदा दाबलं तर? प्रत्येक व्यवहाराला आयडेम्पोटन्सी की (त्या व्यवहाराचा एकमेव ओळखक्रमांक), तीच की पुन्हा आली तर जुनंच उत्तर परत करायचं. या दोन प्रश्नांना पंधरा मिनिटं उरली पाहिजेत, म्हणून पहिली वीस मिनिटं खोके काढण्यात घालवू नका.

सेमिकोलन
काफ्का सरसकट बाद करू नका अंबाझरीकर. बुकिंग झाल्यावर एसएमएस, ईमेल, हिशेब या गोष्टी रांगेत टाकणं योग्यच आहे, एसएमएस देणारी सेवा बंद पडली म्हणून तिकीट अडायला नको.

अंबाझरीकर
बरोबर. रांग हवी, आणि ती का हवी हे तुम्ही एका वाक्यात सांगितलंत. मुलाखतीतही तेवढंच वाक्य लागतं. कारण न देता काढलेल्या खोक्याला माझा विरोध आहे.

रिकर्शन
एआयचं काय? बाजूच्या खिडकीत उत्तर मिळत असताना ऑनलाइन फेऱ्या टिकतील का?

जुना_कंपायलर
म्हणूनच समोरासमोरच्या फेऱ्या परत येतायत. गूगल किमान एक फेरी प्रत्यक्ष घेणार असल्याचं सुंदर पिचाई यांनी २०२५ मध्ये सांगितलं. ऑनलाइन परीक्षेतही टॅब बदलणं आणि बाहेरून चिकटवलेला कोड नोंदला जातो. त्यापेक्षा मोठी अडचण पुढची असते: "ही ओळ काढली तर काय होईल?" दुसऱ्याने लिहिलेल्या कोडवर हे उत्तर लगेच येत नाही, आणि वाचत असलेले डोळे कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतात.

प्रत्यक्ष फेरीसाठी आपल्याकडून बहुधा हैदराबाद, बंगळुरू किंवा पुणे. हैदराबादला सप्टेंबर २०२४ पासून सिकंदराबाद वंदे भारत आहे, सकाळी निघून दुपारी पोहोचते. तरी त्याच दिवशीची मुलाखत घेऊ नका, आदल्या दिवशी पोहोचा. प्रवासखर्च कोण देणार आणि बिलं कशी द्यायची हे रिक्रूटरला आधीच ईमेलने विचारा. व्हाइटबोर्डवर लिहायचा सराव वेगळा करावा लागतो. ओळींमध्ये जागा सोडा, नंतर ओळ घुसवता येत नाही.

विदर्भकन्या
एक सावधगिरीची सूचना. मोठ्या कंपनीच्या नावाने नोंदणी शुल्क, लॅपटॉपची अनामत, "मागच्या दाराने" रेफरल यासाठी पैसे मागणारे फोन नवीन पदवीधरांना येतात. कुठलीही खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. ईमेलचा डोमेन अक्षर न् अक्षर तपासा आणि ती जागा कंपनीच्या करिअर पानावर आहे का बघा.

धरमपेठी
ऑफर आल्यावरच्या दोन गोष्टी, त्यावर कमी लिहिलं जातं. शेअर चार वर्षांत मिळणार असतील तर एकूण आकड्याला चारने भागू नका. अ‍ॅमेझॉनची प्रसिद्ध रचना ५, १५, ४०, ४० टक्के अशी आहे. म्हणजे ४० लाखांचे शेअर लिहिले असतील तर पहिल्या वर्षी हातात २ लाखांचे. पहिल्या दोन वर्षांची तूट रोख बोनसने भरतात, आणि लवकर सोडलं तर त्यातला किती परत करावा लागेल ते कागदावर वाचा. शेअर मिळाले त्या दिवशीची किंमत पगारात धरून कर लागतो. परदेशी कंपनीचे असले तर विवरणपत्रात शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरायचं, आणि ते आर्थिक वर्षाचं नसून कॅलेंडर वर्षाचं असतं.

दुसरं, नोटीस. सर्व्हिस कंपन्यांत ९० दिवस सर्रास असतात. रिक्रूटरला पहिल्याच फोनवर खरं सांगा. लेखी ऑफर हातात येण्याआधी राजीनामा नाही. आणि दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढू देऊ नका, पार्श्वभूमी पडताळणीत पीएफची नोंद बघितली जाते.

वर्धारोडवासी
सेमिकोलनचं म्हणणं पटलं. विषय ओळखण्याचा सराव नसेल तर माझ्या हिशोबातली ८ मिनिटं पुरत नाहीत. शून्य_निर्देशांक यांनी लिहिलेलं वाचून तपासणीची ७ मिनिटं १० करावीशी वाटतात, ती वाढीव तीन मिनिटं, नेहमी लागणारी पाच-सहा लहान फंक्शनं आधीच पक्की करून, कोडच्या पंधरातून काढता येतील.

बोलून दाखवण्याचा सराव एकट्याने होत नाही. एकाने उमेदवार, दुसऱ्याने मुलाखतकार, ४५ मिनिटांनी अदलाबदल. मुलाखतकाराने पान उघडं ठेवून लेखी शेरा लिहायचा, समितीला वाचायला द्यायचा असल्यासारखा. कोड चालवायचा नाही. ज्यांना जोडीदार हवा त्यांनी भाषा, वेळ आणि कच्चा विषय खाली लिहा.

रिकर्शन
जावा. रोज रात्री ९ नंतर. ग्राफ कच्चे.

शून्य_निर्देशांक
पायथन आणि जावा, शनिवार-रविवार सकाळी ८ ते १०. रिकर्शन, ग्राफ मी घेते, टोपोलॉजिकल सॉर्टपासून सुरू करू. मला सिस्टम डिझाईन विचारणारं कुणी हवंय.

अंबाझरीकर
रविवारी ८ ला मी आहे ताई. एसटी सोडून दुसरा प्रश्न आणतो.

तर्रीपोहे
सी++, कोणतीही वेळ. डीपी कच्चं आहे, पण शेरा लिहायला पक्का आहे. घ्या मला पण.